निष्कास झडप अडकण्याचा प्रश्न : लहान विमान-इंजिनांच्या इतिहासातील एक प्रकरण

लहान विमानांच्या पिस्टन इंजिनातील निष्कास झडप, म्हणजेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, गाइडमध्ये अडकून बसते, तेव्हा दोष सहसा देखभालीतील हयगयीवर ढकलला जातो. इतिहास पाहता हे मत अपुरे ठरते. हा दोष बऱ्याच अंशी दोन यशस्वी शोधांच्या पोटी जन्मला आहे.

पहिला शोध सॅम हेरन या इंग्रज अभियंत्याचा. पहिल्या महायुद्धात फार्नबरो येथे हवाशीतित सिलिंडरांवर काम केल्यानंतर तो अमेरिकेत गेला. निष्कास झडपेचे डोके जळणे ही त्या काळातील इंजिनांची मोठी दुर्बलता होती. झडपेचा दांडा पोकळ करून त्यात सोडियम भरावे, अशी त्याची युक्ती. सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि झडपेच्या हालचालीबरोबर हिंदकळत डोक्याची उष्णता दांड्याकडे नेते. १९२७ मध्ये लिंडबर्गला अटलांटिकपार नेणाऱ्या राइट जे-५ इंजिनात हेरनच्याच झडपा होत्या. मात्र उष्णता नाहीशी झाली नव्हती, ती फक्त दांड्याकडे सरकली होती. तेथे गाइडमधील तेल भाजून त्याचा कठीण कार्बन होतो आणि मुळातच सूक्ष्म असलेली फट बुजते.

दुसरा शोध टेट्राएथिल लेडचा. डिसेंबर १९२१ मध्ये थॉमस मिजली याला या द्रव्याचा आघातरोधक गुण आढळला. शिसे सिलिंडरात साचू नये म्हणून इंधनात एथिलीन डायब्रोमाइड मिसळले जाऊ लागले. त्यापासून बनणारे लेड ब्रोमाइड वायुरूपाने बाहेर पडते, पण त्यासाठी ज्वलन पुरेसे उष्ण असावे लागते. जमिनीवर मंद गतीने, समृद्ध मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनात ही अट पुरी होत नाही.

१९७० च्या दशकापासून ८०/८७ प्रतीचे पेट्रोल दुर्मीळ होत गेले, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला. त्यात गॅलनमागे जास्तीत जास्त अर्धा मिलिलिटर टेट्राएथिल लेड असे. त्याच्या जागी आलेल्या १००एलएलमध्ये ही मर्यादा दोन मिलिलिटर. नाव 'लो लेड', पण काँटिनेंटल ओ-२०० सारख्या जुन्या इंजिनांच्या वाट्याला चौपट शिसे आले!

थंड इंजिन सुरू होताना काही काळ अडखळते, ही पूर्वसूचना असते. यांत्रिक तिला 'सकाळची मळमळ' म्हणतात. तिकडे दुर्लक्ष झाल्यास पुशरॉड वाकतो, सिलिंडर निकामी होतो, आणि हे उड्डाणाच्या आरंभी घडल्यास प्रसंग प्राणावर बेततो. लायकोमिंग कंपनीने १४२५ क्रमांकाच्या सेवासूचनेत याचे प्रतिबंधक उपाय दिले. फिल्टर असल्यास दर ५० तासांनी व केवळ जाळी असल्यास २५ तासांनी तेल बदलणे हा त्यांतील मुख्य. टॅक्सी करताना मिश्रण विरळ ठेवणे आणि उतरताना इंजिन एकदम थंड होऊ न देणे, हे वैमानिकाचे काम. यांत्रिकांनी आपल्या परीने आणखी एक तोड काढली : स्पार्क प्लगच्या छिद्रातून दोरी कोंबून झडप वर धरायची, स्प्रिंग काढायची, मग दोरी काढून झडप आत सोडायची व गाइड रीमरने साफ करायचे. सिलिंडर उतरवावा लागत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने जी१००यूएल या शिसेविरहित इंधनास मान्यता दिली. शिशाचे क्षार त्यामुळे टळतील. दांड्याकडे येणारी उष्णता आणि गाइडमध्ये भाजणारे तेल मात्र कायम राहते, आणि तेलबदलाचे तासही.