कच्छी टाक्याची मजुरी

कच्छचं भरतकाम म्हटलं की बाया डोळ्यांसमोर येतात. पण भुजच्या दरबारासाठी रेशमावर बारीक साखळीटाका घालणारे होते मोची, म्हणजे पुरुष. चामड्यावरची आरी त्यांनी कापडावर चालवली आणि तिचे दाम घेतले. घरात बाया जे भरत त्याला दाम नव्हता. रबारी, आहीर, जत, सोढा यांच्या मुलींनी घागरे, चोळ्या, तोरणं भरायची ती स्वतःच्या लग्नासाठी. भरत पाहून जात कळे. सोढांचं ‘सूफ’ तर कापडाच्या उलट बाजूने, आधी रेघ न आखता, नुसते धागे मोजून भरतात. 1971 च्या भारत-पाक युद्धानंतर पाकिस्तानातल्या थरपारकरहून आलेल्या निर्वासित कुटुंबांमुळे कच्छात ते फोफावलं.

या घरकामाला मजुरी मिळाली ती दुष्काळात. 1969 मध्ये मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धाणेटी गावी गेल्या. तिथल्या आहीर बायांना फुकटचं अन्न नको होतं, काम हवं होतं. चंदाबेननी त्यांना साड्या भरायला दिल्या, त्या मुंबईत विकल्या गेल्या आणि त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. नवा टाका कुणी शिकवला नाही. होता त्यालाच गिऱ्हाईक मिळालं.

पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. लग्नाचं भरत पुरं होईपर्यंत ढेबरिया रबारींच्या मुली माहेरीच थांबत, कधीकधी तिशीपर्यंत. सासरची मंडळी वैतागली. 1995 मध्ये जातीच्या वडीलधाऱ्यांनी स्वतःसाठी भरतकाम करण्यावर बंदीच घातली. हौस थोडीच थांबते! बायांनी यंत्रावर तयार पट्ट्या, फिती शिवून कपडे सजवले. विकण्यासाठी मात्र हात चालू राहिला. स्वतःच्या अंगावर जे चालत नव्हतं, ते शहरातल्या बाईसाठी चालत होतं.

मग नक्षी कुणी ठरवायची? बरीच वर्षं ती शहरातून आखून येई आणि बाई फक्त भरत राही. 1993 मध्ये सुमरासरला सुरू झालेल्या ‘कला रक्षा’ या संस्थेने 2005 मध्ये कारागिरांसाठी डिझाइनची शाळाच काढली. मजुरीने बाईच्या हाती पैसा आला खरा. पण नक्षी आणि किंमत तिने ठरवल्याशिवाय ती कारागीर नव्हे, मजूरच.

कच्छी पिशवी घेताना भाव जरूर करा, पण आधी विचारा: भरलं कुणी, आणि तिला मिळाले किती?