सिद्धी सांगावी कोणाला?

वज्जींच्या मुलखात दुष्काळ पडला होता. वग्गुमुदा नदीकाठी वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहिलेल्या भिक्षूंना भिक्षा मिळेना, तेव्हा त्यांनी नामी युक्ती काढली. गावात जाऊन एकमेकांची तारीफ करायची: अमक्याला पहिले ध्यान साधले आहे, तमका तर अर्हतच, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला आहे. भोळ्या लोकांनी आईबापांच्या, लेकराबाळांच्या तोंडचा घास काढून यांच्या पात्रात घातला. वर्षावास संपला. ठिकठिकाणचे भिक्षू वैशालीला बुद्धांच्या भेटीला आले ते खंगलेले, शिरा वर आलेले. हे मात्र चांगले गुटगुटीत!

विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, ही कथा दोनदा येते. दोन्हीकडे बुद्ध विचारतात, तुम्ही सांगितलेत ते खरे होते का? एकीकडे उत्तर ‘नाही’, दुसरीकडे ‘होय’. खोट्या दाव्याला चौथा पाराजिक लागला, म्हणजे संघातून कायमचे बाहेर. खरे बोलणारेही सुटले नाहीत. दीक्षा न घेतलेल्यांना सांगितले म्हणून त्यांना पाचित्तिय, कबुली देऊन फिटणारा दोष.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीने उंच टांगलेले चंदनाचे पात्र पिंडोल भारद्वाज या भिक्षूने ऋद्धीच्या, म्हणजे सिद्धीच्या, बळावर हवेत उडून काढले, तेव्हाही त्याला शाबासकी मिळाली नाहीच. पात्र फोडून त्याची पूड करायला सांगितले गेले.

यावरून बौद्ध परंपरेत साधनेचा अनुभव झाकूनच ठेवतात, असा समज सर्रास दिसतो. तो अर्धाच खरा आहे. बंदीचा रोख होता तो दात्याच्या ताटाकडे. संघाच्या आत मामला वेगळा होता. थेरगाथा आणि थेरीगाथा उघडून पाहा, भिक्षू आणि भिक्षुणी आपली मुक्ती खणखणीत आवाजात सांगतात.

मात्र सांगितले म्हणजे मानले गेले, असेही नव्हते. मज्झिमनिकायातले छब्बिसोधन सुत्त ही तर उलटतपासणीची रीतच आहे. कोणी भिक्षू आपण अर्हत झाल्याचे सांगू लागला, तर ऐकणाऱ्याने लगेच मान डोलवायची नाही, झिडकारायचेही नाही; आधी विचारायचे. पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींबाबत, पाच स्कंधांबाबत, सहा इंद्रियांबाबत तुझे चित्त मोकळे कसे झाले? विनयाने आणखी एक शहाणपण दाखवले: प्रामाणिक गैरसमजातून मोठा दावा केला, तर पाराजिक लागत नाही. लबाडी आणि भ्रम यांतला हा फरक आजच्या बुवाबाजीच्या चर्चेतही क्वचितच कोणी करते.

विसाव्या शतकात ब्रह्मदेशात गृहस्थ मोठ्या संख्येने साधनेला बसू लागले आणि जुनी वाटणी अवघड झाली. काल भिक्षा वाढणारा आज शिष्य होता. 1949 पासून रंगूनमध्ये शिकवणाऱ्या महासी सयाडो या भिक्षू गुरूंच्या केंद्रात साधक आपला अनुभव बारीकसारीक तपशिलांसह गुरूला सांगत. विपश्यनेच्या टप्प्यांवर सयाडोंनी लिहिलेला ग्रंथ मात्र सुरुवातीला साधनेत पुढे गेलेल्यांसाठीच होता. आधी सराव, मग नकाशा. ही सावधगिरी रास्तच म्हणायला हवी. टप्पे आधी पाठ झाले की मन ते अनुभवायचे सोडून रचू लागते.

रंगूनचेच गृहस्थ गुरू आणि सरकारी महालेखापाल ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये भारतात आले. पुढे 1976 मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात साधक दुपारी एकेकटा आचार्यांना भेटून शंका विचारू शकतो. मौन सुटेपर्यंत शेजारच्या साधकाशी मात्र अनुभवाची चर्चा करायची नाही, असा नियम आहे.