बांधलं जर्मनांनी, राखलं मेक्सिकनांनी



देऊळ बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. गावातली जैन घरं कमी झाली तरी उपाध्ये रोजचा अभिषेक चुकवत नाहीत, आणि अगदीच कोणी उरलं नाही तर मूर्ती दुसऱ्या गावच्या मंदिरात नेतात. अमेरिकेत मात्र चर्च रीतसर बंद करतात. सभा भरते, मतं घेतात, शेवटची प्रार्थना होते. मग प्रश्न उरतो इमारतीचा. अशा कितीतरी इमारती गेल्या काही दशकांत स्पॅनिश बोलणाऱ्या नव्या मंडळींच्या हाती गेल्या आहेत. तिकडे त्यांना हिस्पॅनिक म्हणतात.

बहुतेक ठिकाणी गोष्ट एकाच वळणाने जाते. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मन, स्वीडिश नाहीतर चेक लोकांनी पोटाला चिमटा काढून चर्च बांधलेलं असतं. मुलं शिकतात, उपनगरांत घरं घेतात. मागे राहतात थोडी म्हातारी माणसं, गळकं छप्पर आणि हिवाळ्यात इमारत गरम ठेवण्याचं बिल. त्याच गल्ल्यांत मेक्सिको, ग्वातेमाला, पोर्तो रिकोकडची कुटुंबं राहायला आलेली असतात. ती रविवारी दुपारपुरतं चर्च भाड्याने मागतात. सकाळी बाकं रिकामी, दुपारी लेकुरवाळ्या बायकांना बसायला जागा नाही. काही वर्षांनी सकाळचे लोक किल्ली दुपारच्यांच्या हातात देतात.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे माझा पहिला प्रश्न: मालमत्ता कोणाच्या नावावर? उत्तर पंथागणिक बदलतं. शिकागोत कॅथलिक चर्चची इमारत बिशपच्या पदाच्या नावावर असते. कायद्याच्या लेखी ते पद म्हणजेच एक संस्था. माणूस बदलतो, मालक बदलत नाही. मेथडिस्टांमध्ये जॉन वेस्लीच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, दस्तातच लिहून ठेवतात की इमारत स्थानिक लोकांच्या ताब्यात असली तरी ती साऱ्या पंथासाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. चर्च बंद झालं की ती वरच्या मंडळाकडे जाते. बॅप्टिस्ट मात्र बहुधा स्वतःच मालक असतात, त्यांनीच ठरवायचं.

पण विकून आलेले पैसे सभासदांनी वाटून घ्यायचे, हे कुठेच चालत नाही. करमाफी घेणारी संस्था विसर्जित झाली की उरलेली मालमत्ता तशाच कामाला गेली पाहिजे, असा तिथला करकायदा आहे. आपल्याकडेही ट्रस्टची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आणि देवाला वाहिलेलं निर्माल्य घरी वापरायचं नाही, हे तर आपल्याला कायद्याच्या आधीच आजीने शिकवलेलं असतं.

बिल्डर अर्थातच जास्त पैसे मोजतो. कितीतरी जुन्या चर्चमध्ये आज महागडे फ्लॅट आहेत. तेव्हा कमी किमतीत दुसऱ्या भाविकांना इमारत देणाऱ्यांनी खरोखर काही सोडलेलं असतं, हे विसरू नये. यात आपलाही लाभ झाला आहे. बोस्टनजवळ नॉरवुडला जैन सेंटरने १९८१ साली जी इमारत घेतली, ती मुळात स्वीडिश ल्युथरन लोकांचं चर्च होती.

मला सगळ्यांत विचार करायला लावला तो शिकागोच्या रूझवेल्ट रोडवरच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चने. १८५३ साली जर्मन कॅथलिकांनी ते सुरू केलं. १८७१ च्या महाभयंकर आगीत शहराचा मोठा भाग जळाला. आग जवळच लागली होती, पण वारा उलट्या दिशेचा, म्हणून हे चर्च वाचलं. पुढे जर्मन हळूहळू पांगले. पहिल्या महायुद्धात रेल्वे आणि कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. मग १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी युरोपातून येणारा लोंढा आवळला. ती जागा भरायला मेक्सिकन मजूर आले. १९२५ च्या सुमारास चर्च स्पॅनिश बोलणाऱ्या क्लॅरेशियन पाद्र्यांकडे आलं. शहरभरच्या मेक्सिकन लोकांची बारशी, लग्नं, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे सोहळे इथे होऊ लागले. ग्वादालूपेच्या मातेची पूजा सुरू झाली. भिंती जर्मनांच्याच राहिल्या.

साठच्या दशकात शेजारीच विद्यापीठ बांधायला घेतलं, घरं पाडली गेली. बरेच लोक दक्षिणेला पिल्सेन भागात गेले. (हे नावही चेक लोकांनी आपल्या प्लझेन शहरावरून ठेवलेलं. गावाचं नाव बरोबर नेण्याची हौस सगळीकडे सारखीच!) तरी रविवारी लोक लांबून इथेच येत.

मग पाळी त्यांच्यावर आली. १९९४ साली धर्मप्रांताने चर्च बंद केलं. कागदावर त्यात काही चूक नव्हती, कारण मालक बिशप. पण लोक बाहेर, उघड्यावर प्रार्थनेला जमत राहिले. फेब्रुवारी १९९६ मध्ये पाडकाम सुरू झालं, तेव्हा ते आत शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. शिकागोचा हिवाळा, अर्धवट मोडलेली इमारत. यांच्या नावावर त्यातली एक वीटही नव्हती. ताळेबंदात सत्तर वर्षांच्या वहिवाटीसाठी रकाना नसतो, हे मला बी.कॉम.ला असताना कधी खटकलं नव्हतं, इथे खटकलं.

शेवटी कार्डिनल बर्नार्डिन यांनी निर्णय फिरवला. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने पाडकाम सुरू झाल्यावर माघार घेणं सोपं नसतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले. चर्चची डागडुजी झाली, दारं उघडली, आणि स्पॅनिश प्रार्थना पुन्हा आत होऊ लागली.