अणुगर्भाचा प्रवाह

इ. स. १९११ मध्यें रदरफर्डनें परमाणूच्या मध्यभागीं असलेल्या अणुगर्भाचा शोध जगापुढें मांडला. हा गर्भ अतिशय घन होय. त्यांतील द्रव्य केवळ एक घन सेंटिमीटर गोळा करतां आलें, तर त्याचें वजन वीस कोटी टनांहून अधिक भरेल! पुढें नील्स बोरसारख्या पंडितांनीं अणुगर्भाला द्रवाच्या थेंबाची उपमा दिली. स्वस्थ असलेल्या गर्भाला ती शोभली. परंतु दोन गर्भ प्रचंड वेगानें परस्परांवर आदळले, तर तेव्हांहि ती टिकेल काय?

मूठभर मोहरी समोरून येणाऱ्या मोहरीवर फेकली, तर प्रत्येक दाणा आपापल्या वाटेनें उडतो. उलट, पाण्याचे दोन लोट थडकले म्हणजे मधलें पाणी दाबलें जाऊन एका बाजूस उसळतें. अणुगर्भ मोहरीच्या जातीचा, कीं पाण्याच्या? हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. द्रव्य एकजुटीनें वाहत असेल, तरच त्याचा दाब मोजण्याची आशा. आणि तो दाब कळला, तरच न्यूट्रॉन-तारे स्वतःच्या भाराखालीं कां कोसळत नाहींत, हें उमगणार.

१९७४ मध्यें शाइड, म्युलर व ग्रायनर या जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं गणितानें असें भाकीत केलें कीं, अशा टकरींत आघाताची लाट उठेल. त्याच सुमारास अमेरिकेंत बर्कली येथें दोन यंत्रें जोडून ‘बेव्हॅलॅक’ सिद्ध झालें व जड अणुगर्भांना मोठा वेग देणें शक्य झालें.

तथापि एक अडचण होती. प्रत्येक टकरीचा कल निराळ्या दिशेस असतो. अनेक टकरींतील थोडे थोडे कण मोजून सरासरी काढली, म्हणजे हा कल पुसून जातो. म्हणून एकाच टकरींतील शक्य तितके कण एकदम टिपणारें ‘प्लॅस्टिक बॉल’ नांवाचें गोलाकार यंत्र जर्मन व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मिळून उभारलें.

१९८४ मध्यें त्यांचा निर्णय प्रसिद्ध झाला. दर कणामागें ४० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देऊन प्रथम कॅल्शियमचे, मग नायोबियमचे गर्भ आदळविले होते. चाळीस कणांच्या कॅल्शियमांत प्रवाह स्पष्ट दिसला नाहीं. त्र्याण्णव कणांच्या नायोबियमांत मात्र द्रव्य एका बाजूस झुकून वाहिलेलें आढळलें. कण सुटे सुटे आदळतात असें मानणाऱ्या त्या वेळच्या गणिताला हा प्रवाह दाखवितां आला नाहीं. एकजूट दिसण्यास पुरेसा समुदायहि हवा, हेंच यावरून ठरलें.

बेव्हॅलॅक १९९३ मध्यें बंद पडलें. प्रश्न मात्र पुढें चालला. २००२ मध्यें डॅनिएलेविच, लेसी व लिंच यांनीं सोन्याच्या गर्भांच्या टकरींतील प्रवाहावरून दाटलेल्या अणुद्रव्याच्या दाबास मर्यादा घालून दिल्या. ब्रुकहेवन येथें २००० पासून सोन्याचे गर्भ कितीतरी अधिक ऊर्जेनें आदळूं लागले. तिरकस टकरींत मधला भाग बदामाच्या आकाराचा होतो. त्याच्या अरुंद बाजूस दाबाचा उतार तीव्र असल्यानें तिकडे कण अधिक धांवतात. तेथें प्रोटॉन-न्यूट्रॉनहि वितळून क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. हें द्रव्य वायूप्रमाणें विरळ वागेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. पण तें जवळजवळ घर्षणरहित द्रव ठरल्याचें २००५ मध्यें जाहीर झालें.

थेंबाची जुनी उपमा अशा रीतीनें अग्निपरीक्षेस उतरली. आणि दूरच्या ताऱ्यांच्या पोटांतील दाबाचा माग मनुष्याला पृथ्वीवरील क्षणार्धाच्या टकरींत सांपडला.