रुग्णालयाच्या तपासणीची पूर्वतयारी

देवणी हे लातूर जिल्ह्यातील कर्नाटक सीमेलगतचे तालुक्याचे गाव. देवणी गोवंशामुळे त्याचे नाव सर्वदूर पोहोचले आहे. अशा गावी आठ-दहा खाटांचे एखादे रुग्णालय हाच पंचक्रोशीतील रुग्णांचा पहिला आधार असतो. तपासणी होणार असे कळताच तेथे रंगरंगोटी आणि कागदांची शोधाशोध सुरू होते. ही तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत सोडून तयारी वर्षभर कशी ठेवावी, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

नोंदणी व रुग्णांचे हक्क

खाजगी व धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू आहे. नोंदणी तीन वर्षांची असते व तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. देयक थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. फलक केवळ लावलेला नसावा, तर शेतमजूर रुग्णालाही वाचता येईल अशा ठळक मराठीत असावा.

सोनोग्राफी यंत्र असल्यास १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा लागू होतो. प्रत्येक गर्भवतीचा 'एफ' नमुना त्याच दिवशी पूर्ण भरावा. महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यावा लागतो.

जैववैद्यकीय कचरा

२०१६ च्या नियमांनी चार रंग ठरवून दिले आहेत. रक्ताने माखलेला कापूस, बँडेज व मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत जातात. सलाईनच्या नळ्या, हातमोजे व सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया व पाती पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात टाकाव्यात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. वार्षिक अहवाल ३० जूनपूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळास सादर करावा. कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना कावीळ-ब व धनुर्वाताची लस दिल्याची नोंद असावी. चुकीच्या पिशवीत पडलेली एक सुई सर्वप्रथम सफाई करणाऱ्या मावशींच्याच हाताला टोचते, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो.

अग्निसुरक्षा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास आग लागून १० बालके दगावली. अग्निसुरक्षेच्या प्रत्येक कागदामागे काय पणाला लागलेले असते, ते या घटनेने दाखवून दिले. २००६ च्या राज्य अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. तथापि प्रमाणपत्र आग विझवीत नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेस अग्निशामक सिलिंडर वापरता यावा आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर खाटा किंवा खोकी नसावीत.

स्वतःच स्वतःची तपासणी

शासकीय रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आहेत. त्यांत तपासणीचे चार मार्ग सांगितले आहेत : प्रत्यक्ष निरीक्षण, कर्मचाऱ्यांशी संवाद, नोंदींची पडताळणी आणि रुग्णांशी बोलणे. प्रत्येक बाबीस शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. खाजगी रुग्णालयांनीही हीच पद्धत दर महिन्यास वापरावी, असे आम्हांस वाटते. एका विभागातील व्यक्तीने दुसरा विभाग तपासावा, उणीव लिहून ठेवावी, ती दूर करणाऱ्याचे नाव व मुदत ठरवावी.

मागील तारखा घालून नोंदवह्या मात्र कदापि भरू नयेत. एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात भरलेले महिनाभराचे तक्ते तपासनिसाच्या लगेच ध्यानात येतात. उणीव प्रामाणिकपणे दाखवून ती दूर करण्याची योजना पुढे ठेवणे अधिक श्रेयस्कर होय.

तपासनीस तासाभरात निघून जातो. रुग्ण मात्र रात्रभर त्याच खाटेवर असतो. आपली तयारी प्रथम त्याच्यासाठी असावी.