एझो बेटाचे होक्काइदो

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी अगदी उत्तरेचे जे बेट, त्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानी लोक एझो म्हणत. विस्ताराने ते महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याइतके भरेल. हिवाळा तेथे चार-पाच महिने ठाण मांडून बसतो आणि ईशान्य किनाऱ्यावर ओखोत्स्कच्या समुद्रातून तरंगत आलेले बर्फाचे तट येऊन थडकतात. जुन्या जपानात भूमीचे मोल भाताच्या पिकावरून ठरे. सरदाराची प्रतिष्ठाही त्याच्या मुलखात किती तांदूळ पिकतो यावरून मोजली जाई. ज्या भूमीत भात होत नाही तिची या हिशेबात किंमत ती काय धरावयाची? बेटाच्या दक्षिण टोकाला मात्सुमाए घराण्याची सत्ता होती. पदरच्या माणसांना वेतन म्हणून देण्यास या घराण्याजवळ तांदूळ नव्हता. तेव्हा किनाऱ्याचा एकेक पट्टा नेमून देऊन तेथील आयनू लोकांशी व्यापार करण्याचा हक्क त्यांना वतनासारखा बहाल करण्यात आला.

हे आयनू बेटाचे मूळ रहिवासी. नदीतला सामन मासा, रानातले हरीण आणि अस्वल, समुद्रातले शेवाळ, कंदमुळे आणि थोडे राळ्यासारखे धान्य यांवर त्यांचा निर्वाह चाले. शिवाय कातडी आणि गरुडाची पिसे देऊन ते साखालिनमार्गे थेट आमूर नदीच्या खोऱ्यापर्यंत देवघेव करीत. ही व्यवस्था साधी होती, पण एकसुरी नव्हती. एका ऋतूने दगा दिला तर दुसरा हात देई. पुढे व्यापाराचे हक्क मक्त्याने घेतलेल्या व्यापाऱ्यांनी याच लोकांना हेरिंग माशाच्या हंगामावर मजूर म्हणून राबविण्यास आरंभ केला. हेरिंग उकडून, दाबून, वाळवून त्याचे खत होई आणि ते गलबतांतून ओसाकाच्या बाजूला कापसाच्या आणि निळीच्या शेतांत जाई. दक्षिणेचा कापूस पोसला जात होता तो उत्तरेच्या समुद्रावर.

१८६८ मध्ये जपानात सत्तांतर झाले आणि एझोकडे पाहण्याची दृष्टी एकाएकी पालटली. रशिया शेजारी होता. १८५५ च्या तहाने कुरील बेटांतून सीमारेषा आखली गेली असली तरी साखालिनचा प्रश्न लोंबकळतच होता. इकडे देशात हजारो सामुराई निरुद्योगी झाले होते. १८६९ मध्ये नव्या सरकारने काइताकुशी, म्हणजे वसाहत-आयोग, स्थापन केला आणि बेटाला होक्काइदो हे नाव दिले. नाव सुचविणारा मात्सुउरा ताकेशिरो हा संशोधक हे बेट पायी हिंडलेला आणि आयनूंविषयी कळवळा असलेला. मक्तेदार व्यापाऱ्यांचा जाच नव्या राजवटीतही थांबत नाही असे दिसताच १८७० मध्ये त्याने आपल्या पदाचा राजीनामा दिला. नाव टिकले, नाव देणारा टिकला नाही.

आयोगाचा खरा सूत्रधार कुरोदा कियोताका. १८७१ मध्ये तो अमेरिकेस गेला आणि तेथील सरकारचा कृषि-आयुक्त होरेस केप्रन याला दरसाल दहा हजार डॉलर वेतनावर सल्लागार म्हणून घेऊन आला. १८७२ मध्ये दहा वर्षांत एक कोटी येन खर्चण्याची योजना मुक्रर झाली. त्या काळच्या दरिद्री जपानी खजिन्याच्या मानाने ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. केप्रनचे म्हणणे असे की, या हवेत भाताचा नाद सोडावा. गहू पेरावा, गुरेमेंढरे पाळावीत, घरे बांधावीत तीही अमेरिकी धर्तीची, आणि लोकांनी आहारही बदलावा. सल्ला शहाणपणाचा होता, पण सल्लागार सहसा आपल्या गावचे हवामान सोबत घेऊनच येतात, हेही त्यात दिसून येते.

त्याच्यापाठोपाठ इतरही तज्ज्ञ आले. गुरांचे आणि मेंढरांचे कळप घेऊन एडविन डन आला. भूगर्भशास्त्रज्ञ बेंजामिन स्मिथ लायमन आला. हा गृहस्थ त्यापूर्वी हिंदुस्थानात, पंजाबातील खनिज तेलाची पाहणी करून गेलेला होता. त्याने बेटाचा डोंगराळ अंतर्भाग तुडवून कोळशाचे थर शोधले आणि १८७६ मध्ये बेटाचा भूगर्भीय नकाशा सिद्ध केला. त्याच वर्षी साप्पोरो येथे कृषि-महाविद्यालय निघाले. मॅसॅच्युसेट्सच्या कृषि-महाविद्यालयाचा अध्यक्ष विल्यम क्लार्क तेथे जेमतेम आठ महिने राहिला. तेवढ्या अवधीत त्याने घालून दिलेली घडी मात्र दीर्घकाळ टिकली. त्याच वर्षी, जर्मनीत शिकून आलेल्या एका जपानी कारागिराच्या हाताखाली बिअरची भट्टी पेटली. पुढे होरोनाईची कोळशाची खाण उघडली. १८८० मध्ये ओतारू बंदरापासून साप्पोरोपर्यंत आणि १८८२ मध्ये खाणीपर्यंत आगगाडी धावू लागली. हरणाचे मांस डब्यात भरण्याचा कारखाना १८७८ मध्ये निघाला. १८७९ च्या भयंकर हिमवर्षावात हरणांचे कळपच्या कळप मेले आणि कारखान्याला फार दिवस पाहावयास मिळाले नाहीत. बीटपासून साखर करण्याचा कारखाना १८८० मध्ये उभा राहिला आणि १८९६ मध्ये बंद पडला.

दहा वर्षे संपत आली तेव्हा हिशेबाची वेळ आली. सुमारे १ कोटी ४० लाख येन खर्चून उभारलेली मालमत्ता कुरोदाने आपल्याच प्रांतातील एका उद्योगपतीच्या मंडळीस सुमारे ३ लाख ९० हजार येनांना, तेही तीस वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांनी, विकावयाचे ठरविले. १८८१ मध्ये ही वार्ता फुटली. वृत्तपत्रांनी रान उठविले, विक्री रद्द झाली, आणि त्या धामधुमीत सरकारला १८९० पर्यंत संसद बोलावण्याचे अभिवचन द्यावे लागले. जपानच्या संसदीय राजवटीचा एक धागा अशा रीतीने उत्तरेच्या बर्फात गुंतलेला आहे. १८८२ मध्ये आयोग बरखास्त झाला. नवल असे की, आयोगाचे कारखाने पुढे एकेक करून खासगी मालकांकडे गेलेच: बिअरची भट्टी १८८६ मध्ये, खाण आणि रेल्वे १८८९ मध्ये.

मग एक कोटी चाळीस लाख वाया गेले म्हणावयाचे काय? खतावणीत तसे दिसते खरे. पण खतावणीत नकाशाची किंमत धरलेली नसते आणि महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचीही नसते. कारखाने बुडाले वा विकले गेले. पाहणी, शाळा, बंदर आणि रस्ता एवढे उरले आणि पुढचे सारे त्यांवर उभे राहिले.

तो रस्ताही कोणी बांधला, हे सांगितले पाहिजे. १८७५ पासून सैनिक-शेतकऱ्यांची कुटुंबे वसविण्यात आली. १९०४ पर्यंत अशी सुमारे ४० हजार माणसे येथे आली. अधिक कष्टाची कामे कैद्यांकडून करवून घेण्यात आली. होरोनाईच्या खाणीत ते उतरले. १८९१ मध्ये आबाशिरीच्या बाजूचा मध्यवर्ती रस्ता काही महिन्यांत पुरा करताना दोनशेहून अधिक कैदी मृत्युमुखी पडले.

आयनूंचे काय झाले? १८७७ च्या नियमांनी त्यांच्या वस्तीची भूमी सरकारजमा धरली गेली. विषारी बाणांनी शिकार करण्यास मनाई झाली, नद्यांतून सामन धरण्यावर क्रमाक्रमाने बंदी आली. नंतर १८९९ मध्ये त्यांच्या ‘संरक्षणा’साठी कायदा झाला. त्याने प्रत्येक कुटुंबास शेतीसाठी पाच हेक्टरांपर्यंत जमीन देऊ केली. पंधरा वर्षांत ती लागवडीस न आणल्यास परत घेण्याची अट त्यात होती. बाहेरून आलेल्या धनिकांना मात्र १८९७ च्या कायद्याने पाचशे हेक्टरांपर्यंत पडीक जमीन विनामूल्य मिळत होती. बेटावर नाना उद्योग आणण्याच्या धोरणाने ज्यांचे उद्योग आधीच नाना प्रकारचे होते त्यांना एका नांगराला जुंपले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटाची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली, तेव्हा आयनू त्यांत सतरा-अठरा हजारच उरले होते.

योजनेने नाकारलेली गोष्ट सामान्य शेतकऱ्यांनी साधली, ही या इतिहासातील सर्वांत रम्य कथा. साप्पोरोच्या दक्षिणेस शिमामात्सु येथे नाकायामा क्यूझो नावाच्या शेतकऱ्याने १८७३ मध्ये ‘लाल केसांचा’ म्हणून ओळखला जाणारा एक काटक भात लावला. ओढ्याचे पाणी फार थंड. म्हणून तो न्हाणीतले पाणी तापवून रात्रंदिवस वाफ्यात सोडीत असे. रोपे जगली, पीक हाती आले आणि त्याने बियाणे वाटण्यास सुरुवात केली. सरकारी धोरण पुढे त्याच्यामागून गेले. आज तांदळाच्या उत्पादनात होक्काइदोची गणना जपानच्या अग्रगण्य प्रांतांत होते.

पुढे तोमाकोमाईला कागद, मुरोरानला पोलाद आणि तोकाचीच्या पठारावर घेवड्यावाटाण्याची शेते आली. पहिल्या महायुद्धात कडधान्याचे भाव कडाडले. युद्ध संपताच कोसळले. १९२३ च्या तोक्यो भूकंपानंतर परदेशी लोण्यादुधावरील जकात उठली आणि गवळी देशोधडीला लागण्याची पाळी आली. तेव्हा १९२५ मध्ये दूध-उत्पादकांनी डेन्मार्कचा कित्ता गिरवून स्वतःची सहकारी संस्था काढली. गुजरातेतील आणंदचे उदाहरण आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. होक्काइदोची ही संस्था त्याच्या वीस वर्षे आधीची.

ज्या गावाने एकाच वस्तूवर सारा भरवसा टाकला त्याची अवस्था युबारीला पाहावयास मिळते. कोळशाच्या जोरावर १९६० च्या सुमारास तेथे एक लाखाहून अधिक लोक राहत. खनिज तेल स्वस्त झाले, खाणी एकेक करून मिटल्या. करमणुकीची उद्याने उभारून गाव तगविण्याच्या प्रयत्नात कर्ज वाढले आणि २००६ मध्ये नगरपालिकेने दिवाळे जाहीर केले. आज तेथे दहा हजारही माणसे नाहीत. हेरिंगचे थवेही १९५० च्या दशकात किनाऱ्यावर येईनासे झाले होते. परंतु तोवर किनाऱ्याच्या लोकांना अन्य व्यवसायांचा आसरा होता.

१८९९ चा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. २०१९ च्या कायद्याने आयनू हे मूळ रहिवासी असल्याचे मान्य केले. परंतु नदीच्या मुखाशी सामन धरण्याचा जुना हक्क परत मिळावा म्हणून आयनूंच्या एका गटाने जो दावा लावला होता, तो साप्पोरोच्या न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला.