डहाणू-तलासरीतील आश्रमशाळा

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील निवासी शाळांची गरज तिथल्या जगण्यातून निर्माण झाली. वारली, कोकणा, धोडी कुटुंबांचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले. भातकापणी उरकली की आईबाप वीटभट्टीवर निघत आणि मुलेही त्यांच्यामागे जात. बाळासाहेब खेर व आचार्य भिसे यांच्या आदिवासी सेवा मंडळाने या मुलांसाठी आश्रमशाळा आणि वसतिगृहांची वाट घालून दिली. त्याआधी गुजरातमधल्या दाहोदमध्ये ठक्करबाप्पांच्या भिल्ल सेवा मंडळाने 1922 मध्ये हेच काम आरंभले होते. पुढे शासकीय आश्रमशाळा निघाल्या. स्वयंसेवी संस्थांच्या शाळांना शासनाचे अनुदान मिळू लागले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली याच भागात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे केंद्र कोसबाडला गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी थेट रानात कुरणशाळा भरवली. ती निवासी नव्हती, तरी निवासी शाळांनी शिकावे असे सर्वाधिक तिथेच आहे: मूल वारलीत बोलले तर त्याला गप्प न करणे, पाने-बिया-खडे यांवरून मोजणी शिकवणे.

चांगली आश्रमशाळा इमारतीवरून ठरत नाही. रात्री ताप आलेल्या मुलाजवळ अधीक्षक बसतो का, पाणी-जेवण वेळेवर आणि पोटभर मिळते का, मुलींची निजण्याची जागा सुरक्षित आहे का, हे आधी पाहावे लागते. सणाला घरी गेलेले मूल परतले नाही, तर शिक्षकाला पाड्यावर जावेच लागते.